गेम रंगात आला की पीसी थिजतो. दोष नक्की कोणाचा?

प्रश्न : मी पीसी असेंबल करून घेतला आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, सेकंडहँड घेतलेलं आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटबरोबर आलेला ५५० वॉटचा एसएमपीएस. अभ्यास, यूट्यूब, कोडिंग, हलके गेम यांत काहीच अडचण येत नाही. पण मोठा गेम लावून ग्राफिक्स अल्ट्रावर ठेवलं की पंधरा-वीस मिनिटांत चित्र जागच्या जागी थिजतं, हेडफोनमध्ये शेवटचा आवाज भुर्र करत अडकून राहतो आणि पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नसते. दिवाळीत रॅमच्या आणखी दोन स्टिक टाकून १६ जीबीची ३२ केली. विंडोजही नव्याने टाकून पाहिली. उन्हाळ्यात त्रास वाढला आहे. दुकानदार म्हणतात, कार्ड गेलंय, बदलून टाका. घरी इन्व्हर्टर आहे, त्याचा काही संबंध असेल का? कार्ड बदलू का?
एक वाचक, अकोला

उत्तर : कार्ड बदलू नका, निदान आत्ता तरी. तुमच्या पत्रात दोन गोष्टी जाता जाता आल्या आहेत आणि मला त्याच सगळ्यांत मोलाच्या वाटतात. एक म्हणजे तो अडकलेला आवाज, दुसरी म्हणजे दिवाळीत वाढवलेली रॅम.

ग्राफिक्सचा भार आल्यावर पीसी बंद पडतो, म्हणजे दोष ग्राफिक्स कार्डाचाच, हा तर्क सरळ वाटतो आणि बऱ्याचदा चुकतो. मोठा गेम चालतो तेव्हा एकटं कार्ड राबत नसतं. एसएसडीवरून टेक्श्चर उचलून रॅममध्ये आणायचे, तिथून कार्डाच्या मेमरीत ढकलायचे, प्रत्येक फ्रेमसाठी काय काढायचं ते प्रोसेसरने ठरवायचं, हे सगळं एकाच वेळी चालू असतं. त्यातच एसएमपीएसवर दिवसातला सर्वांत मोठा भार येतो आणि कॅबिनेटमधली हवा तापते. यूट्यूब बघताना यातलं काहीच पणाला लागत नाही. त्यामुळे मशीनमध्ये जो कोणी कच्चा असेल तो नेमका गेममध्ये उघडा पडतो आणि बोल मात्र कार्डाला लागतो.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा : पीसी बंद पडतो तो कसा? चित्र थिजलं तरी गेमचं संगीत चालू आहे, मित्रांचं बोलणंही ऐकू येतं आहे, अशा वेळी प्रोसेसर आणि विंडोज जिवंत आहेत, फक्त कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर अडकला आहे. स्क्रीन काळी पडून कार्डाचे पंखे एकदम जोरात फिरू लागले, तर कार्डाचा बाकी मशीनशी संबंध तुटला आहे. तिथे वीजपुरवठा, उष्णता आणि खुद्द कार्ड या तिघांवर संशय घ्यावा. काहीही न सांगता पीसी झटक्यात बंद किंवा रिस्टार्ट झाला, तर आधी एसएमपीएसकडे बघायचं. चित्र दोन-चार सेकंद थांबून पुन्हा चालू होत असेल, तर कार्डाची मेमरी भरली आहे, एसएसडी अडखळते आहे किंवा ड्रायव्हर कोसळून पुन्हा उभा राहिला आहे.

तुमच्याकडे शेवटचा आवाज भुर्र करत राहतो. आवाजाचा छोटासा तुकडा मेमरीत ठेवलेला असतो आणि साउंडचं हार्डवेअर तो वाजवत असतं. पुढचा तुकडा भरून देणं हे प्रोसेसरचं काम. प्रोसेसर जागचा हलेनासा झाला की साउंडचं हार्डवेअर जुनाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत बसतं. म्हणजे तुमच्याकडे फक्त चित्र नाही, अख्खं मशीन थांबलं आहे. पुढच्या वेळी खात्री करून घ्या. पीसी थिजला की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर विंडोज अजून जिवंत आहे. तेव्हा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू करण्याची ती सोय आहे. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली तर दोष ड्रायव्हर-कार्डाच्या बाजूचा. कॅप्स लॉकचा दिवाच हलत नसेल, तर रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड आणि पीसीआयई स्लॉट यांच्याकडे वळायचं.

आता दिवाळीतली रॅम. तुमच्या बोर्डवर आता चार स्टिक आहेत आणि दोन जोड्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या आहेत. कंपनी एकच असली, पाकिटावर ३२०० लिहिलेलं असलं, तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. शिवाय चार स्टिकचा भार प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरला जड जातो. रायझन ५००० मालिकेसाठी एएमडीने स्वतः दिलेली मर्यादा बघा : दोन स्टिक असतील तर ३२००, चार सिंगल रँक स्टिक असतील तर २९३३ आणि चार ड्युअल रँक असतील तर २६६७. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलेलं असेल तर तुमच्या चारही स्टिक त्या मर्यादेच्या वर धावत आहेत. अनेकांच्या मशीनवर ते निभावतं, काहींच्या नाही. आणि ३०७० कार्ड पूर्ण भारात २२० वॉटच्या आसपास उष्णता कॅबिनेटमध्ये सोडतं. रॅमचे स्लॉट कार्डाच्या अगदी जवळ, त्यामुळे ती गरम हवा सोसावी लागते ती रॅमला. थंड असताना जेमतेम चालणारी रॅम पंधरा-वीस मिनिटांनी चुकायला लागते. तुमची पंधरा-वीस मिनिटं आणि उन्हाळ्यात वाढलेला त्रास, दोन्ही याच्याशी जुळतात.

ही तपासणी फुकट आहे, म्हणून तीच आधी करा. नव्या दोन स्टिक काढा, जुन्या दोन मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये बसवा. बहुतेक बोर्डांवर ते प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा असतात. मग तोच गेम, तेच सेटिंग, शक्यतो त्याच वेळी खेळून बघा. पीसी थिजला नाही तर चोर सापडला. तेव्हा चारही स्टिक परत बसवून एक्सएमपी बंद करा किंवा वेग २६६७ वर आणा. गेममध्ये थोडे फ्रेम कमी होतील, पण ३२ जीबी वापरता येईल. सोबत मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. फुकट आवृत्ती चार फेऱ्या करते. त्यात एक जरी चूक दिसली तरी रॅम नापास. ‘एकच तर आहे’ असं म्हणून ती सोडून देऊ नका. उलट मेमटेस्ट पास झालं म्हणून रॅम निर्दोष असंही समजू नका, कारण त्या वेळी कार्ड गरम नसतं.

इथे एका शिस्तीबद्दल आग्रहाने सांगतो. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवायचा. रॅम काढली, ड्रायव्हर बदलला, थर्मल पेस्ट लावली आणि बायॉसही अपडेट केलं, असं एकाच रविवारी केलंत आणि पीसी सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळणार नाही. महिन्याभराने तो पुन्हा थिजला की परत शून्यापासून सुरुवात.

रॅम काढूनही पीसी थिजलाच, तर विंडोजने काय नोंदवलं आहे ते वाचा. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ एवढं टाइप केलं की रिलायबिलिटी मॉनिटर सापडतो. त्यात दिवसवार लाल फुल्या दिसतात. बारकाईने बघायचं तर इव्हेंट व्ह्यूअर आहे. तिथे सगळ्यांना कर्नल-पॉवर ४१ ही नोंद हटकून सापडते आणि ‘पॉवर’ हा शब्द वाचून लोक थेट एसएमपीएस बदलायला निघतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. तुम्ही बटण दाबून धरता तेव्हाही तीच नोंद होते. खरी माहिती तिच्या आधीच्या मिनिटभरात असते. डब्ल्यूएचईए-लॉगर नावाची नोंद दिसली तर हार्डवेअरने स्वतः चूक कबूल केली आहे. डिस्प्ले ४१०१ दिसली तर ड्रायव्हर वेळेत उत्तर देऊ शकला नाही. कार्डाने दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर ड्रायव्हर नव्याने सुरू करायचा, ही सोय विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहे. रजिस्ट्रीत जाऊन ही मुदत वाढवा असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. मला तो पटत नाही. त्याने अडकलेलं कार्ड सुटत नाही, फक्त ते अडकल्याचं विंडोजला उशिरा कळतं.

यानंतर संशयित आहे तो एसएमपीएस आणि त्याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण आपल्याकडे पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली कात्री त्यालाच लागते. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढा आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरातले ५५० वॉट विसरा. तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते शोधा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात. तिथे ३० अँपिअर असतील तर १२ गुणिले ३० म्हणजे ३६० वॉट, एवढीच तुमच्या कामाची ताकद. तुमचं कार्ड २२० वॉटचं, प्रोसेसर पूर्ण भारात ७६ वॉटपर्यंत, वर पंखे, एसएसडी, मदरबोर्ड. बेरीज ३६० च्या आत बसते असं वाटेल, पण आधुनिक कार्ड सरळ रेषेत वीज खात नाही. काही मिलिसेकंदांपुरते त्याचे झटके सरासरीच्या कितीतरी वर जातात. हे झटके इतके वाढले की २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात, एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा, अशी अट घालावी लागली. एनव्हिडियानेही ३०७० साठी ६५० वॉटची शिफारस केली आहे. आणि ८० प्लसचं चिन्ह बघून निर्धास्त होऊ नका. ते फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं, झटके सोसण्याबद्दल काहीही सांगत नाही.

दुसरी गोष्ट केबलची. तुमच्या कार्डावर बहुधा दोन पॉवर सॉकेट असतील. एसएमपीएसकडून एकच केबल येऊन तिच्याच टोकाला दोन तोंडं असतील आणि ती दोन्ही कार्डात घातलेली असतील, तर सगळा भार एकाच केबलवर आहे. एसएमपीएसला दुसरी केबल असेल तर प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र केबल द्या. हे करताना कनेक्टर ‘टक्’ आवाज येईपर्यंत आत बसवा आणि पिनांच्या कडेचं प्लास्टिक पिवळट किंवा करपलेलं नाही ना ते उजेडात नीट बघा. एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला, दिसायला सारखी असली तरी, कधीही लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि त्यात कार्ड खरोखर जळतं.

वीज किंवा उष्णता यांचा संबंध आहे की नाही, हे एक रुपया न घालवता कळण्याचा माझा सर्वांत आवडता उपाय म्हणजे एमएसआय आफ्टरबर्नरमधली पॉवर लिमिटची पट्टी. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी हे सॉफ्टवेअर चालतं. पट्टी १०० वरून ७० टक्क्यांवर आणा आणि खेळा. कार्ड कमी वीज घेईल, कमी तापेल, फ्रेम थोडे घटतील. एवढ्याने थिजणं थांबलं तर कारण एसएमपीएस, केबल किंवा उष्णता यांपैकी आहे. थांबलं नाही तर पट्टी परत १०० वर न्या आणि कोअर क्लॉक १०० मेगाहर्ट्झने कमी करा. त्याने थांबलं तर चिप तिला नेमून दिलेल्या वेगाला पुरी पडत नाही. कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक होऊन आलेली कार्डं जुनी झाल्यावर असं करतात.

कुणी सांगेल की फरमार्क चालवा, त्यात पास झालं तर कार्ड ठणठणीत. ते पुरेसं नाही. फरमार्क कार्डावर इतका एकसुरी भार टाकतो की कार्ड लगेच वीजमर्यादेला टेकतं आणि स्वतःचा वेग खाली आणतं. गेममध्ये भार सतत वर-खाली होतो आणि कार्ड अनेकदा फरमार्कपेक्षा चढ्या वेगाने, चढ्या व्होल्टेजवर धावतं. त्यामुळे फरमार्कमध्ये अर्धा तास टिकलेलं कार्ड गेममध्ये पाच मिनिटांत थिजू शकतं. त्यापेक्षा युनिजिन सुपरपोझिशन लावा. एकट्या प्रोसेसरसाठी सिनेबेंच आहे. दोन्ही वेगवेगळे सुरळीत चालतात आणि एकदम चालवले की पीसी कोसळतो, असं झालं तर एसएमपीएसवर बोट ठेवायला हरकत नाही.

अकोल्याच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको. बाहेर ४४-४५ अंश आणि खोलीत ३८ असेल, तर कार्डाला थंड करायला मिळणारी हवाच ३८ अंशांची. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर चालू ठेवून, नोंद फाइलमध्ये जाईल असं लावून खेळा. पीसी थिजला तरी शेवटच्या क्षणापर्यंतचे आकडे फाइलमध्ये राहतात. ३०७० ची कमाल मर्यादा ९३ अंश, तुमच्या प्रोसेसरची ९०. कार्डाचं साधं तापमान ७५ आणि हॉटस्पॉट १०० च्या पुढे, असं मोठं अंतर दिसलं तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. सेकंडहँड कार्डाबद्दल ही शंका जास्त घ्यावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात आली, ३०७० ही त्यांत होती. पेस्ट घरी बदलता येते, पण आतले थर्मल पॅड बदलायचे तर जाडी अचूक लागते. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावला तर मेमरी थंड होते आणि मुख्य चिपच हीटसिंकपासून उचलली जाते. हात बसलेला नसेल तर हे काम जाणत्याकडून करून घ्या.

त्याआधी सोपी चाचणी. बाजूची पट्टी काढून टेबल फॅन थेट आत सोडा आणि खेळा. थिजणं थांबलं तर उष्णता नक्की. मग ब्लोअरने धूळ काढा. बटण बंद, प्लग काढलेला, आणि ब्लोअर मारताना कार्डाच्या पंख्याची पाती बोटाने धरलेली. नाहीतर पंखा भरधाव फिरतो, बेअरिंग जातं आणि उलटी वीज कार्डात शिरू शकते. खरी धूळ पात्यांवर नसते. पंख्याच्या मागे, हीटसिंकच्या पट्ट्यांच्या तोंडाशी ती नमद्यासारखी बसलेली असते. टॉर्च तिरका धरला की दिसते.

इन्व्हर्टरबद्दल : लाइट गेल्याच्या क्षणी पीसी रिस्टार्ट होत असेल तर तो इन्व्हर्टरचा प्रश्न. एसएमपीएस विजेशिवाय साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणून इन्व्हर्टरचा स्विच यूपीएस मोडवर हवा. गेमच्या मध्येच, लाइट असताना थिजण्याशी त्याचा संबंध कमी. एकदा प्लग थेट भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावून बघा म्हणजे शंका मिटेल.

ड्रायव्हरचं थोडक्यात. विंडोज नवी टाकली आहे म्हणजे जुन्या ड्रायव्हरचे अवशेष नाहीत. तरी एकदा एनव्हिडियाचा दोन-तीन महिने जुना ड्रायव्हर टाकून बघा, नवा नेहमीच चांगला असतो असं नाही. मदरबोर्डचं बायॉसही अद्ययावत असू द्या.

इतकं सगळं करूनही थिजणं थांबलं नाही, तर तुमचं कार्ड मित्राच्या पीसीत आणि मित्राचं कार्ड तुमच्या पीसीत घालून खेळा. दोष कार्डाबरोबर गेला तरच दुकानदाराचं म्हणणं खरं. तेव्हा मात्र ओव्हनमध्ये कार्ड भाजण्याचे व्हिडिओ बघून काही करू नका. त्याने जिवंत झालेली कार्डं काही दिवसांत पुन्हा जातात आणि चिप दुरुस्त करणाऱ्याचं कामही अवघड होऊन बसतं.

प्रश्न : माझा प्रोसेसर आय९-१४९००के आहे आणि कार्डावर २४ जीबी मेमरी आहे. तरी काही गेम उघडताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येऊन ते बंद पडतात. २४ जीबी पुरत नाही का?
एक वाचक, पुणे

उत्तर : पुरते, आणि कार्डाला काहीही झालेलं नाही. हा संदेश दिशाभूल करणारा आहे. गेम उघडताना शेडर तयार करणं आणि दाबून ठेवलेला डेटा उलगडणं हे काम प्रोसेसर करतो. त्यात चूक झाली की अनरिअल इंजिनवरचे काही गेम व्हिडिओ मेमरीच्या नावाने बंद पडतात. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अशा चुका घडवणारा दोष होता. मायक्रोकोडच्या चुकीने प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने चिप हळूहळू झिजत होती, हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे दुरुस्त मायक्रोकोड आले.

मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून सर्वांत ताजं बायॉस टाका आणि सेटिंगमध्ये इंटेल डिफॉल्ट प्रोफाइल निवडा. पण हे औषध पुढची झीज थांबवतं, झालेली भरून काढत नाही. तुमच्याकडे गेम आधीच कोसळत आहेत, त्यामुळे बायॉसनंतरही तसंच चालू राहिलं तर प्रोसेसर बदलून घेणं हाच उपाय. बॉक्समध्ये मिळणाऱ्या अशा प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षांची केली आहे. बॉक्सवरचा सिरीयल नंबर आणि बिल तयार ठेवा. बिल हरवलं असेल तर दुकानातून त्याची प्रत आजच मागून घ्या.